वकील कुणाच्या दारी?

सातवीच्या वर्गावर मराठ्यांचा इतिहास शिकवताना महादजी शिंद्यांपाशी आलो की मी जरा रंगात यायचो. पानिपतावर पायाला जन्माचे अधूपण घेऊन परत आलेला हा माणूस पुढे दिल्लीच्या बादशहाला आपल्या छत्राखाली घेतो, हे सांगताना आवाज आपोआप चढायचा. असाच एकदा फळ्यावर 'वकील-इ-मुतलक' असे मोठ्या अक्षरांत लिहिले, तर मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून विचारतो, "सर, मग महादजी काळा कोट घालत हुते काय?"

वर्ग हसला. मीही हसलो. मग समजावून सांगितले की बाबा, वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. त्या काळी वकील म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारकडे पाठवलेला आपला माणूस. आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा. आणि 'वकील-इ-मुतलक' म्हणजे बादशहाच्या वतीने सगळाच कारभार बघणारा, सर्वाधिकारी. पोरगा खाली बसला नाही. म्हणाला, "मग सर, दुसऱ्या राजांचं वकील कुणाकडं यायचं? बादशहाकडं का महादजींकडं?"

मी म्हणालो, "बादशहाकडेच की. गादी त्याची होती ना." तेवढ्यात घंटा झाली.

मंडळी, ते उत्तर चुकीचे होते. निदान अपुरे तरी होतेच. पोराने नकळत त्या सबंध काळाच्या वर्मावर बोट ठेवले होते आणि गुरुजी घंटेच्या आधाराने सुटले! निवृत्त झाल्यावर वेळच वेळ मिळाला, तेव्हा हे मनात परत आले. आमचे शिक्षण मराठी माध्यमातले, बी.ए. सुद्धा मराठीतूनच. इंग्रजी बेताचेच. तरी कळंब्याहून बस धरून करवीर नगर वाचन मंदिरात जायचे, वीरकरांचा शब्दकोश शेजारी ठेवायचा आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे जाडजूड खंड उघडायचे, असा काही महिने नेम ठेवला. हे खंड सर जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांनी १९३६ पासून काढायला सुरुवात केली. पहिला खंड महादजी आणि उत्तरेच्या राजकारणाचा, दुसरा पुण्यातल्या मॅलेटच्या वकिलातीचा. ते वाचताना कळले की १७८२ ते १७८६ या चार वर्षांत खरे भांडण त्या पोराच्याच प्रश्नावरून चालले होते. वकील कुणाच्या दारी उभा राहणार?

आणि गंमत अशी, की भांडणारे तिघेही कागदोपत्री एकमेकांचे दोस्त होते.

सुरुवात सालबाईपासून करू. ग्वाल्हेरजवळच्या या गावी १७ मे १७८२ रोजी इंग्रज आणि मराठे यांच्यात तह झाला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले. शाळेत आपण यातली दोनच कलमे शिकवतो : साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि राघोबादादाला इंग्रजांनी सोडून द्यायचे. (आम्ही परीक्षेला हमखास विचारायचो!) पण या तहात महादजींची जागा काय होती, ते बघण्यासारखे आहे. पेशव्यांच्या वतीने बोलणी करणारे तेच, आणि तह दोन्ही बाजूंनी पाळला जाईल याचे जामीनही तेच. म्हणजे पेशव्यांचा सरदार एकाच वेळी पेशव्यांचा प्रतिनिधी आणि पेशवे-इंग्रज यांच्यामधला पंच झाला. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन हा बोलणी करायला आला होता. तह झाल्यावर तो महादजींच्या छावणीत इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिला. पुढे त्याच्या जागी त्याचा भाऊ जेम्स अँडरसन आला.

याचा अर्थ असा, की कलकत्त्याला पुण्याशी काही बोलायचे झाले तर ते महादजींच्या तंबूतून जायचे. पुण्याचे उत्तरही त्याच वाटेने परत. पुण्यात नाना फडणीस बसलेले. सवाई माधवराव लहान, सगळा कारभार नानांच्या हाती. नानांच्या जागी आपण बसून बघावे. आपल्या घरातली पत्रे शेजारच्या घरी आधी उघडली जातात, असे कुणाला आवडेल?

त्याच वर्षी, १७८२ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जने आणखी एक माणूस नेमला. मेजर जेम्स ब्राऊन. हा दिल्लीला, बादशहा शाह आलम याच्याकडे. बादशहाची अवस्था तेव्हा काय सांगावी! अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाला असलेला हा माणूस मराठ्यांच्या मदतीने १७७२ च्या सुरुवातीला दिल्लीत परतला होता. इंग्रजांनी १७६५ मध्ये बंगालच्या दिवाणीबद्दल वर्षाला सव्वीस लाख रुपये द्यायचे कबूल केले होते. बादशहा मराठ्यांकडे गेल्यावर हेस्टिंग्जने तेही थांबवले. दिल्लीचा कारभार सांभाळणारा मिर्झा नजफखान एप्रिल १७८२ मध्ये वारला आणि त्याची माणसे आपापसांत कापाकापी करू लागली. गादी होती, नाणे बादशहाच्या नावाचे पडत होते, सनदाही त्याच्याच शिक्क्याने निघत होत्या. पण वाड्याच्या बाहेर त्याचे चालत नव्हते. अशा ठिकाणी इंग्रजांचा माणूस कशाला? तर नेमक्या याच कारणासाठी. ज्याचे काही चालत नाही पण ज्याचा शिक्का चालतो, त्याच्याजवळ आपला माणूस असणे फार सोयीचे.

ब्राऊन वाटेत आग्र्याला बराच काळ अडकला. दरबारात त्याचा शिरकाव व्हायला १७८४ उजाडले. त्याचे म्हणणे पडले की इंग्रजांनी बादशहाला मदत करावी, दिल्ली मराठ्यांच्या हाती जाऊ देऊ नये. तिकडे महादजींच्या छावणीतल्या अँडरसनचे धोरण उलट, महादजींना दुखवू नका. म्हणजे एकाच कंपनीचे दोन वकील, दोघांची तोंडे दोन दिशांना! यातला हेस्टिंग्जचा खरा माणूस कोणता, हे महादजींनी कसे ओळखायचे? की दोन्ही डगरींवर हात ठेवायचे हेच त्याचे धोरण होते? मला वाटते, तेच होते.

नोव्हेंबर १७८४ मध्ये महादजी आणि बादशहा यांची भेट झाली. त्याच सुमारास दिल्लीचा कारभारी अफ्रासियाबखान याचा खून झाला आणि मैदान मोकळे झाले. डिसेंबरात बादशहाने वकील-इ-मुतलकीची वस्त्रे दिली. इथे एक बारीक गोष्ट आहे. पद दिले ते पेशव्यांच्या नावाने. महादजी त्यांचे नायब, म्हणजे मुतालिक. कागद असा. प्रत्यक्षात मथुरा-आग्र्याकडे छावणी देऊन बसलेले महादजीच सर्व काही. त्या दिवसापासून दिल्लीचा बादशहा महादजींच्या संरक्षणाखाली आला. आजच्या भाषेत संरक्षित राज्य म्हणा.

आता पोराच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची वेळ आली. इंग्रजांचा वकील बादशहाकडे राहणार की महादजींकडे?

वकील म्हणजे नुसता निरोप्या नसतो. तो दरबारात कुठे बसतो, नजराणा कुणापुढे ठेवतो, खलिता कुणाच्या हाती देतो, यावरून सगळ्या मुलखाला कळते की इथला धनी कोण. ब्राऊन बादशहापुढे नजर करीत राहिला असता, तर त्याचा अर्थ होता की बादशहा स्वतंत्र आहे, महादजी हे फक्त आजचे बलवान सरदार. उद्या दुसरे कोणी येईल. ब्राऊन गेला आणि एकटा अँडरसन राहिला, तर त्याचा अर्थ की बादशहापर्यंतची वाट महादजींच्या तंबूतून जाते. यासाठीच महादजींना ब्राऊन डोळ्यांत खुपत होता. फेब्रुवारी १७८५ मध्ये हेस्टिंग्ज विलायतेला गेला, त्याच्या जागी मॅकफर्सन आला आणि त्याच वर्षी ब्राऊनला परत बोलावण्यात आले. (या ब्राऊनने दिल्लीत बसून शिखांच्या इतिहासाची माहिती जमवली आणि पुढे १७८८ मध्ये पुस्तक छापले. वकिली फसली, पुस्तक राहिले!)

महादजींनी बाजी मारली. पण लगेच दुसरी बाजूही दिसली. बादशहाच्या नावाने बंगालच्या थकलेल्या खंडणीची आणि चौथाईची मागणी कंपनीकडे गेली. शिक्का हातात आला म्हणजे तो वापरून बघण्याचा मोह होणारच. मॅकफर्सनने जेम्स अँडरसनमार्फत कडक निषेध केला आणि ती मागणी आमच्या मनात नव्हती असे लेखी द्यावे लागले. बादशहाचा रक्षक होणे म्हणजे काय आणि काय नव्हे, ते महादजींना त्या एका कागदाने समजले असावे. दारात वकील एकच ठेवला तरी त्याच्यामागे तोफा किती आहेत, हे त्या वकिलाला नेहमी माहीत असते.

आता पुण्याकडे वळू, कारण भांडणाची दुसरी जागा तिथे आहे.

पुण्याला इंग्रजांची माणसे पूर्वीही येऊन गेली होती. मुंबईकरांचा टॉमस मॉस्टिन नारायणरावांच्या खुनाच्या वेळी, म्हणजे ऑगस्ट १७७३ मध्ये, पुण्यातच होता. पुढे कलकत्त्याहून कर्नल अप्टन आला, त्याने १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. १७७७ मध्ये तर सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून नानांकडे आला आणि इंग्रजांची झोप उडाली. नानांना वकिलांचा उपयोग पक्का ठाऊक होता. एक फ्रेंच माणूस पुण्यात नुसता जेवूनखाऊन राहिला तरी मुंबईला घाम फुटतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून तर सालबाईच्या तहात इंग्रजांनी कलम घालून घेतले की पोर्तुगीज सोडून दुसऱ्या कोणत्याही युरोपियन राष्ट्राला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखार घालू द्यायची नाही.

पण कायमचा इंग्रज रेसिडेंट पुण्यात नव्हता. आणि मी तीस वर्षे वर्गात काय सांगत आलो? की रेसिडेंट इंग्रजांनी पुण्यावर लादला. पुढच्या काळापुरते ते खरे. पण १७८५ मध्ये तसे नव्हते. इंग्रजांना पुण्यात माणूस हवा होता हे खरेच. पण नानांनाही मधला माणूस नकोच होता. दक्षिणेत टिपू नरगुंदवर चालून आला होता, लढाई समोर दिसत होती. इंग्रज काय करतील हे कळायला पत्र आधी महादजींकडे, मग कलकत्त्याला, मग परत, असे किती दिवस थांबायचे? आणि त्याहून मोठे कारण मनातले. पेशव्यांच्या दौलतीचा परराज्याशी व्यवहार शिंद्यांच्या छावणीतून का व्हावा?

महादजींचा विरोध होता. का, ते सांगायला नको. पुण्यात वेगळा रेसिडेंट बसला की त्यांच्या जामीनकीची किंमत निम्मी झाली. दिल्लीत जो युक्तिवाद ते ब्राऊनविरुद्ध करत होते, तोच पुण्याच्या बाबतीतही करत होते : माझ्याकडे एक वकील आहे, दुसरा कशाला? फरक इतकाच की दिल्लीत त्यांच्यापुढे दुबळा बादशहा होता आणि पुण्यात त्यांचे स्वतःचे धनी होते.

इंग्रजांनी काय करावे? त्यांनी नेमला चार्ल्स वेअर मॅलेट याला. मुंबईच्या नोकरीतला, खंबायतला बरीच वर्षे काढलेला, इकडचे लोक आणि रीत जाणणारा माणूस. आणि त्याला आधी पुण्याला न पाठवता पाठवले महादजींकडे! मुंबईहून पुणे ते किती लांब? घाट चढला की आले. पण हा गृहस्थ १७८५ मध्ये सुरत, उज्जैन, ग्वाल्हेर करत आग्रा-मथुरेच्या बाजूला महादजींच्या छावणीत गेला, तिथे बादशहालाही भेटला, तिथून कलकत्ता गाठली आणि मग मार्च १७८६ मध्ये पुण्यात दाखल झाला. पुण्याच्या दारात उभे राहण्यासाठी शेकडो कोसांचा वळसा. हा वळसा नकाशावर काढून बघितला तेव्हा मला त्या काळचे राजकारण जितके समजले, तितके दहा धडे शिकवून समजले नव्हते. सत्ता कुठे होती ते मॅलेटच्या वाटेने सांगितले.

मॅलेट पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा मिळाली, बंगला झाला. नानांच्या बाजूने त्याच्याशी बोलायला बहिरो रघुनाथ मेहेंदळे होते. संबंध चांगले जमले. १ जून १७९० रोजी टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे यांचा करार झाला. त्या दरबाराचे मोठे चित्र पुढे विलायतेत रंगवले गेले. मॅलेटच्या आश्रयाने चित्रकार जेम्स वेल्स पुण्याला आला, शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, गंगाराम तांबटासारखा कलावंत तिथे तयार झाला. रेसिडेन्सीतून सगळे वाईटच आले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र त्या संगमावरच्या बंगल्यातून दर आठवड्याला पत्रे जात होती. बाजारात धान्याचा भाव काय, कोणत्या सरदाराचा पगार थकला, नाना आणि महादजी यांचे आज काय बिनसले. १७९२ च्या जूनमध्ये महादजी स्वतः पुण्यात आले, बादशहाची वस्त्रे त्यांनी पेशव्यांना समारंभाने दिली आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला त्यांचे देहावसान होईपर्यंत ते तिथेच राहिले. ही दोन वर्षे पुण्यात दोन मोठी माणसे एकमेकांना जोखत बसली होती आणि तिसरा दोघांनाही जोखून लिहून ठेवत होता.

इथे मला आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कळंब्यात तळ्याच्या खालच्या अंगाला आमची एक सामाईक विहीर होती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि चुलते तात्या, दोघांची मिळून. मी आठ-नऊ वर्षांचा असताना पाण्याच्या पाळीवरून दोघांचे बोलणे बंद झाले. घरे एकमेकांना लागून, मधे एक भिंत. मग निरोप माझ्याकरवी जायचे. "जा, तुझ्या तात्याला सांग, उद्याची पाळी आपली हाय." मी पळत जायचो. तात्या म्हणायचे, "आबाला म्हणावं, परवा बघू." मी परत. आता कळते की मी दोन्ही दरबारांचा वकील होतो! आणि खरे सांगतो, मी कधी कधी शब्द गाळायचो. तात्या शिवी घालायचे, ती मी वाटेतच टाकून द्यायचो. त्यामुळे प्रकरण धुमसत राहिले, पण पेटले नाही.

पुढे शेजारच्या गावचे एक गृहस्थ मध्ये पडले. त्यांच्याकडे ऑइल इंजिन होते. त्यांनी मिटवतो म्हटल्यावर दोघांनाही बरे वाटले. पण ते आले की बसणार कुणाच्या सोप्यात, यावरून नवीन तंटा! आमच्या सोप्यात बसले तर तात्यांचे तोंड उतरायचे. तात्यांकडे आधी गेले तर आबा जेवायचे नाहीत. ते हुशार. त्यांनी दोन्हीकडे चहा घेतला, दोन्हीकडे मान डोलावली. माझे निरोप बंद झाले, कारण आता गरज उरली नव्हती. तीन-चार वर्षांनी बघतो तर विहिरीवर इंजिन त्यांचे, पाण्यात तिसरा हिस्सा त्यांचा, आणि पाळी ठरवायला आबा आणि तात्या दोघेही टोपी घालून त्यांच्या गावी जात होते. त्या गृहस्थांनी फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी इंजिन बसवले, पिकांना पाणी मिळाले. पण भिंतीपलीकडे एकदा स्वतः जाऊन बोलण्याऐवजी, तिसरा माणूस आपल्याच सोप्यात आधी बसावा म्हणून दोन सख्ख्या भावांनी जीव टाकला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नाना आणि महादजी यांच्यासारख्या मोठ्या माणसांना आबा-तात्यांच्या मापाने मोजणे बरोबर नाही, हे मला कळते. दोघांच्याही बाजू होत्या. महादजी नसते तर १७८८ मध्ये गुलाम कादिराने आंधळ्या केलेल्या शाह आलमला सोडवायला कोण गेले असते? मराठ्यांच्या फौजेनेच त्या ऑक्टोबरात दिल्ली परत घेतली. आणि नाना नसते तर पुण्याची दौलत त्या धामधुमीत वीस वर्षे उभी राहिली नसती. नानांनी आपले वकील महादजींच्या छावणीत ठेवले होते, हिंगण्यांची पत्रे दिल्लीहून थेट पुण्याला येत होती. म्हणजे आपल्या माणसांचे आपल्या माणसांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था उत्तम होती. इतकी कुशल माणसे, इतकी नेटकी पत्रे! त्यातली कित्येक पत्रे पारसनीसांसारख्यांच्या कष्टाने छापून निघाली म्हणून आज आपण वाचतो. वाचताना वाटते, या दोघांनी ठरवले असते की परक्याचा वकील दोघांच्या संमतीने एकाच जागी बसेल आणि त्याच्याशी काय बोलायचे ते आधी आपण आपसांत ठरवू... पण जर-तरला इतिहासात जागा नाही, असे आम्हीच मुलांना शिकवत होतो.

पुढचा हिशोब भराभर सांगतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. त्यानंतर पेशव्यांनी इतर कोणाशी राजकारण करायचे तर कंपनीला विचारून. म्हणजे पुण्याच्या दारी येणाऱ्या आणि पुण्याहून जाणाऱ्या सर्व वकिलांची वाट आता संगमावरच्या बंगल्यातून! सप्टेंबर १८०३ मध्ये लॉर्ड लेकने दिल्ली घेतली. आंधळा शाह आलम इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेला आणि डेव्हिड ऑक्टरलोनी तिथला रेसिडेंट झाला. ज्या दरबारातून अठरा वर्षांपूर्वी ब्राऊनला जावे लागले, तिथेच. आणि डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी बादशहावरचा हक्क सोडला. दोन्ही दारे एका वर्षाच्या आत एकाच मालकाची झाली.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. १८७८ मध्ये रशियाचा वकील काबूलला पोचला, तेव्हा इंग्रजांनी अमीर शेर अलीकडे आमचाही वकील घ्या म्हणून हट्ट धरला. त्याच्या मंडळाला खैबरच्या तोंडाशी अडवले गेले आणि युद्ध पेटले. दोन बड्यांच्या मध्ये बसलेल्याला दाराची कडीसुद्धा स्वतःच्या मनाने लावता येत नाही.

आणि आमचे करवीर? आम्ही कोल्हापूरकर पेशव्यांना नाके मुरडण्यात पुढे. १७७८ मध्ये याच महादजींनी पुण्याच्या वतीने करवीरवर स्वारी केली, तो सल आमच्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात असायचा. त्यामुळे पुणे आणि शिंदे यांचे भांडण म्हटले की आम्हाला थोडी गंमतच वाटते. पण आमचा हिशोब तरी वेगळा कुठे आहे? १७९२ च्या तहात कोल्हापूरच्या महाराजांनी इंग्रजांना मालवणात आणि कोल्हापुरात वखार घालायला परवानगी दिली. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना गेले. त्यांच्या संमतीशिवाय लढाई करायची नाही आणि तंटे त्यांच्यापुढे न्यायचे, हेही मान्य झाले. त्या बदल्यात पेशव्यांपासून आणि शेजाऱ्यांपासून निर्धास्तपणा मिळाला. भाऊबंदांची भीती गेली, तिसऱ्याचा हिस्सा आला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर तर इंग्रज अधिकारी कारभारातच येऊन बसला. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा हे सारे संपले. ताराबाई पार्कात रेसिडेन्सी क्लबाच्या नावात तेवढा तो शब्द शिल्लक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात खेळ आणि जेवण आठवते, आणि तेही एका परीने बरेच म्हणायचे.

असो. तो मागच्या बाकावरचा पोरगा आता पन्नाशीचा असेल. कधीमधी सकाळी तळ्याच्या बांधावर फिरायला येतो, तेव्हा भेटतो. मागच्या महिन्यात त्याला थांबवून म्हणालो, "तू एक प्रश्न विचारला होतास, आठवतो का?" त्याला आठवत नव्हता. मी त्याला मॅलेटचा वळसा सांगितला, ब्राऊनची हकिकत सांगितली. तो बराच वेळ पाण्याकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, वकील जिकडं जाईल तिकडं धनी. बरोबर?"

मी म्हणालो, "बरोबर. पण वकील कुणीकडे जाणार, हे आपण भांडलो की तो वकीलच ठरवतो."

तो हसला. त्याचेही थोरल्या भावाशी घराच्या वाटणीवरून काही चालू आहे, हे मला गावातून कळले होते. ते मी काढले नाही, त्यानेही नाही. जाताना मात्र म्हणाला, "येतो सर. दादाकडं जाऊन यायचंय जरा."

आबा आणि तात्या शेवटपर्यंत एकमेकांशी नीट बोलले नाहीत. विहीर केव्हाच बुजली, तिथे आता प्लॉट पडले आहेत.